काळजी म्हणजे सोसणं नव्हे

‘पुरुष न्यायाचा विचार करतात, स्त्रिया काळजीचा.’ मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांचं म्हणणं बहुतेकदा असं एका वाक्यात सांगितलं जातं. परीक्षेसाठी पाठ करायला ते सोयीचं आहे, पण चुकीचं आहे, आणि त्याची किंमत मुलींना मोजावी लागते.

वादाची सुरुवात मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांच्यापासून झाली. 1958 साली शिकागो विद्यापीठातल्या प्रबंधासाठी त्यांनी 10 ते 16 वर्षांच्या 72 मुलांपुढे नैतिक पेच ठेवले. त्या 72 जणांत एकही मुलगी नव्हती. सर्वांत गाजला तो हाइन्झचा पेच: बायको कॅन्सरने मरणाच्या दारात आहे, औषध एकाच दुकानदाराकडे आहे आणि त्याची किंमत हाइन्झला झेपत नाही. त्याने ते चोरावं का? ‘चोरावं’ म्हणणारा पुढच्या पायरीवर, असं कोलबर्ग मानत, हाही गैरसमजच. त्यांनी तोललं ते उत्तरामागचं कारण. तुरुंगात जावं लागेल म्हणून चोरू नये, हे कारण खालच्या पायरीचं. जीव मालमत्तेपेक्षा मोलाचा आहे, हे वरच्या. अशा सहा पायऱ्यांच्या शेवटी होती न्यायाची तत्त्वं.

गिलिगन यांचं ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ 1982 साली आलं. त्यात 11 वर्षांची एमी हाच पेच सोडवताना म्हणते की चोरी नको. हाइन्झने कर्ज काढावं, दुकानदाराशी बोलावं. तो तुरुंगात गेला तर आजारी बायकोकडे कोण बघणार? कोलबर्ग यांच्या मोजपट्टीवर ती तिच्याच वयाच्या जेकपेक्षा एक पायरी खाली येते. गिलिगन यांचा आक्षेप असा की माणसामाणसांतलं नातं तुटू न देता वाट काढणं या मोजपट्टीला दिसतच नाही.

मग हा ‘वेगळा आवाज’ बायकांचाच का? नाही. तो विषयावरून ओळखावा, लिंगावरून नव्हे, असं गिलिगन यांनी प्रस्तावनेतच लिहिलं आहे. मात्र पुस्तकातली बहुतेक उदाहरणं स्त्रियांची असल्याने एकट्या वाचकांनाच दोष देता येणार नाही. पुढे 2000 साली जॅफी आणि हाइड यांनी 113 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्त्री-पुरुषांतला फरक निघाला, पण लहानसा. कोलबर्ग यांच्या चाचणीत मुली सातत्याने मागे पडतात, हेही वॉकर यांच्या 1984 च्या आढाव्यात टिकलं नाही. एकच माणूस दोन्ही बाजूंनी विचार करू शकतो, हे के जॉन्स्टन यांनी दाखवलं. त्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली: थंडीत मोल नावाच्या छोट्या प्राण्यांच्या बिळात आसरा घेतलेलं साळिंदर सगळ्यांना टोचतं, पण जायला तयार नाही. बीळ कुणाचं, असा हक्काचा मुद्दा काढणाऱ्या मुलांना दुसरा मार्ग विचारला, तर अनेकांना सगळ्यांना सामावून घेणारी वाटही सुचली.

मला सर्वांत घातक वाटतो तो पुढचा गैरसमज: काळजी म्हणजे त्याग. गिलिगन यांनी गर्भपाताच्या निर्णयापुढे उभ्या असलेल्या 29 स्त्रियांशी बोलून तीन टप्पे मांडले. आधी फक्त स्वतःचा बचाव. मग दुसऱ्यांसाठी स्वतःला पुसून टाकण्यातच चांगुलपणा. तिसऱ्या टप्प्यावर मात्र ज्यांना जपायचं, त्यांत ती स्वतःही येते. आपण ज्या बाईचं ‘सगळ्यांसाठी खस्ता खाल्ल्या’ म्हणून कौतुक करतो, तिचं ते सोसणं गिलिगन यांच्या लेखी मधला टप्पा आहे, शिखर नव्हे. मुलीने गप्प राहावं यासाठी त्यांच्या नावाचा आधार घेणं म्हणजे पुस्तक उलटं धरून वाचणं.

‘भारतीय माणूस मुळातच काळजीवाला’ हेही तपासून घ्यावं. जोन मिलर आणि सहकाऱ्यांनी 1990 साली म्हैसूर आणि अमेरिकेतलं न्यू हेवन इथल्या लोकांची तुलना केली. लहानसहान गरजेलाही मदत करणं म्हैसूरकरांना बांधील कर्तव्य वाटत होतं. अमेरिकनांना मात्र तो ज्याच्या-त्याच्या मर्जीचा प्रश्न वाटे. म्हणजे काळजीत कर्तव्याची सक्तीही असू शकते, आणि न्याय व काळजी हे दोन कप्पे वाटतात तितके वेगळे नाहीत.

घरात न्याय कशाला, तिथे प्रेम असतंच, या समजुतीला राजकीय तत्त्वज्ञ सुझन मोलर ओकिन यांनी 1989 साली उत्तर दिलं: कामाची वाटणी घरातही न्यायाने तपासली पाहिजे. राजकीय विचारवंत जोन ट्रोन्टो यांनी 1993 मध्ये प्रश्न घराबाहेर नेला: काळजीचं काम कोण करतं आणि त्याचा मोबदला कोण ठरवतं? आपल्याकडे गावोगाव बाळंतिणी आणि बाळं सांभाळणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविकांना आजही वेतन नव्हे, मानधन मिळतं.