मुंबई ते लंडन : अंतर आणि तास

हिवाळ्यातले एक तिकीट उदाहरणादाखल घेऊ. मुंबईहून दुपारी १ वाजता निघायचे आणि लंडनला सायंकाळी ५॥ वाजता उतरायचे. म्हणजे अवघे साडेचार तास! परतीचे तिकीट म्हणते, सकाळी १० ला निघा, मध्यरात्रीनंतर १२॥ ला पोहोचा. म्हणजे साडेचौदा तास. वाट तीच, मग हा घोळ कसला? आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. पण कामाच्या तासांचे हिशेब मात्र जन्मभर केले. त्याच रीतीने हाही करून पाहू.

पहिली गोष्ट घड्याळाची. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असते, उन्हाळ्यात साडेचार. तो फरक काढला की जायला दहा तास व यायला नऊ तास उरतात.

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ तुर्कस्तानावरून जाते. परंतु पृथ्वी गोल आहे. गोलावर दोरा ताणून पाहा. तो सिंध-बलुचिस्तान, इराण, काकेशस, काळा समुद्र असा उत्तरेकडे वाकून जातो. हीच सर्वांत जवळची वाट, सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगाने आठ तास पुरावेत. मग जास्त का लागतात? चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात; जाताना ते अडवतात, येताना ढकलतात.

आणि दोऱ्याची वाट नेहमी मोकळी नसते. २०१९ मध्ये काही महिने पाकिस्तानची हद्द बंद होती, एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्धामुळे युक्रेनचे आकाश मिटले. राज्यकर्ते भांडतात आणि विमान वळसा घेते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला निघाले. आज न थांबता जाता येते, ही प्रगतीच. पण आम्हांस एक विचारावेसे वाटते : हे तास कोणाचे?

उड्डाणाची वेळ विमान जागचे हलल्यापासून ते अखेर थांबेपर्यंत मोजतात. वैमानिकाचे व हवाईसेविकेचे काम मात्र त्याआधीच, हजेरी लागते तेव्हा सुरू होते. वळशाने वाढलेला तासही त्यांच्याच अंगावर पडतो. थकलेल्या माणसाच्या हाती शेकडो जीव असतात; म्हणून कामाच्या तासांना मर्यादा आणि पुरती विश्रांती ही मागणी केवळ त्यांची नव्हे, प्रवाशाचीही आहे. तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात. त्यांच्या मागे माणसांचे श्रम असतात, ते आपण वाचायला शिकले पाहिजे.