जिन्याची मापे आणि खिडकीतले रकाने

फॉर्मवरच्या एका रकान्याची किंमत काय असते हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको. १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले की अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती नाकारल्या जात. ती अट १९९० च्या दुरुस्तीने निघाली. मधे चौतीस वर्षे गेली. रकाना कोण छापतो आणि त्यात कोणते पर्याय ठेवतो, यावर पुढचे सगळे ठरते. आज लिहायचे आहे ते संगणकातल्या रकान्यांविषयी, पण गोष्ट फार वेगळी नाही.

कोल्हापुरात आमच्या एका आप्तांनी पोराचे लग्न ठरले म्हणून घरावर वरची खोली चढवली. नकाशा संगणकावर काढलेला, रंगीत, बघायला सुरेख. जिना मात्र असा की घरातली आजी उतरताना पाठमोरी उतरते, शिडीवरून उतरावे तशी. नकाशा काढणारा मुलगा आपल्यातलाच, आयटीआयचा ड्राफ्ट्समन. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, जागा एवढीच होती. मी लांबी भरली, जिना आपोआप आला.” त्याच्यावर राग धरून काय करणार? त्याच्यापुढे जी खिडकी उघडली तिने लांबी विचारली. पायरीची उंची विचारलीच नाही. ती खिडकी ऑफिसात पूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेली होती.

खिडकी लिहिलेली असते, हे आम्हांलाही त्या दिवशीच कळले. तो ज्यावर काम करतो ते आर्चिकॅड. बुडापेस्ट इथल्या ग्राफिसॉफ्ट कंपनीचे. कंपनी १९८२ ची. त्यात दार, खिडकी, जिना, बेसिन या नुसत्या रेघा नसतात. प्रत्येक एक वस्तू असते आणि तिच्या मागे जीडीएल नावाच्या भाषेत मजकूर लिहिलेला असतो. सपाट नकाशात ती कशी दिसावी याचा मजकूर वेगळा, उभी कशी राहावी याचा वेगळा, मापांवरच्या बंधनांचा वेगळा, आणि भरणाऱ्यापुढे कोणती खिडकी उघडावी याचा वेगळा. हा शेवटचा मजकूर कुणी लिहिलाच नाही तर भरणाऱ्याला मापांची नुसती लांबलचक यादी दिसते. लिहिला तर चित्र, सूचना, रकाने सगळे आपल्या मनासारखे मांडता येते.

आज्ञा थोड्या आहेत. यूआय_डायलॉगने खिडकीला नाव मिळते, यूआय_आउटफील्डने सूचना छापली जाते, यूआय_इनफील्डने भरायचा रकाना तयार होतो. प्रत्येकाला डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती एवढे सांगायचे. लग्नपत्रिकेचा मजकूर कागदावर बसवावा तसे हे काम. ज्यांनी ऑटोकॅड शिकले त्यांनाही हे करता येते. तिथे ऑटोलिस्पच्या जोडीला १९९२ पासून डीसीएल आहे. त्यात जागेची मापे द्यावी लागत नाहीत, आडवी ओळ की उभा स्तंभ एवढे सांगितले की पुरते.

खरी मेख मात्र बंधनांच्या मजकुरात आहे. व्हॅल्यूज या आज्ञेने एखाद्या रकान्यात कोणती मापे चालतील ते ठरते. लॉकने रकान्याला कुलूप लागते. हाइडपॅरामीटरने तो दिसेनासाच होतो.

आता आजीच्या जिन्याचे गणित पाहा. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे राहत्या घरात पायरीचा चढ जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाऊल ठेवायची रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर. मजल्याची उंची दहा फूट, म्हणजे ३०४८ मिलिमीटर. सोळा चढ घेतले तर प्रत्येकी १९०.५. अर्ध्या मिलिमीटरने हुकले! म्हणून सतरा घ्यायचे, चढ येतो साधारण १७९. सतरा चढांना सोळा पायऱ्या, म्हणजे सरळ जिन्याला चार मीटर लांबी, तेरा फुटांहून थोडी जास्त. पंधरा फुटी घरात एवढे दिले तर वर-खाली उभे राहायला जागा उरत नाही. जिना वळवावाच लागतो. जुन्या खिडकीने हे काही न सांगता मिळाली त्या लांबीत चढ कोंबला होता.

त्या मुलाने रात्री बसून नवी खिडकी लिहायला घेतली. ती आधी मजल्याची उंची विचारते. मग चढांची संख्या, आणि दहा फुटांना त्या यादीत सोळा हा आकडाच येत नाही. लांबीच्या रकान्याला कुलूप; ती हिशेबाने येते. खाली एक प्रश्न त्याने स्वतःहून घातला आहे, ‘घरात वयस्कर माणूस आहे का?’ ‘होय’ म्हटले की चढाची मर्यादा १५० वर येते आणि एकवीस चढ लागतात. कुलूप का लावले तेही खिडकीत लिही, असे आम्ही सुचवले. नाहीतर उद्या दुसरा ड्राफ्ट्समन आंधळेपणाने आकडे भरत बसेल, आणि आपण तेच केले असे होईल.

पुढे त्याला विहारासाठी स्तूप लिहायचा आहे. तिथे पहिलाच प्रश्न, घुमट भरीव की पोकळ? सांचीचा स्तूप भरीव, आत जाता येत नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीचा, १८ डिसेंबर २००१ ला उद्घाटन झालेला, आतून पोकळ, त्यात सभागृह. ‘भरीव’ निवडले की दाराचे नि सभागृहाचे रकाने नाहीसे व्हायला हवेत. हे एक ‘जर-तर’ लिहिताना त्याचे दोन रविवार गेले.

जीडीएलची घडण जुन्या बेसिक भाषेसारखी आहे. दहावीची भूमिती आणि थोडे इंग्रजी असलेल्याला ती जमू नये असे काही नाही. आपली किती मुले-मुली अशा ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेले रकाने भरत बसली आहेत! क्लास निवडताना पालकांनी एवढे जरूर विचारावे, की नुसते वापरणे शिकवता की वस्तू लिहायलाही शिकवता.

आजीचा जिना आरसीसीचा आहे, तो आता मोडता येणार नाही. दोन्ही अंगांना लोखंडी पाइपचा कठडा बसवून घेतला आहे. आजी अजून पाठमोरीच उतरते.