विश्लेषण : फोटो ‘क्रॉप’ करणे चुकीचे आहे का?

मोबाइलवर काढलेला फोटो पुढे पाठवण्याआधी कडेचा नको तो भाग कापणे आता सगळ्यांच्याच अंगवळणी पडले आहे. छायाचित्रकारांमध्ये मात्र या ‘क्रॉप’वरून जुना वाद आहे. चौकट शटर दाबतानाच पूर्ण असावी, असे एक मत. कापून चित्र सुधारत असेल तर बिघडले कुठे, असे दुसरे.

विरोध कशासाठी?

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे विरोधकांमधील सर्वांत मोठे नाव. चौकटीतील आकारांचा तोल क्षणात साधला जातो, नंतर कापून तो आणता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. तरीही पॅरिसमधील साँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्यांचे १९३२ मधील प्रसिद्ध छायाचित्र क्रॉप केलेलेच आहे. ते कुंपणाच्या फटीतून टिपले होते आणि एका कडेला फळी आली होती.

क्रॉपने काय साधते?

अल्बेर्तो कोर्दा यांनी ५ मार्च १९६० रोजी हवानात चे गेव्हारा यांचे छायाचित्र टिपले. मूळ आडव्या चौकटीत एका बाजूला दुसरा माणूस आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पाने होती. ती कापल्यावर उरला तो चेहरा जगभर पोस्टर आणि टी-शर्टवर पोहोचला.

किंमत काय मोजावी लागते?

१२ मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण ४००० × ३००० पिक्सेल असतात. लांबी-रुंदी निम्मी केली, तर उरतात फक्त ३ मेगापिक्सेल. मोबाइलच्या पडद्यावर फरक जाणवणार नाही. मोठी प्रिंट मात्र धूसर येईल. मोबाइलचा डिजिटल झूमही मुळात क्रॉपच असतो. शिवाय, जवळ जाऊन काढलेल्या फोटोत पुढच्या-मागच्या वस्तूंचे नाते बदलते. कापल्याने ते बदलत नाही.

बातमीत धोका कुठे?

जानेवारी २०२० मध्ये दावोस येथे ग्रेटा थनबर्गसह पाच तरुण हवामान कार्यकर्त्यांचे छायाचित्र असोसिएटेड प्रेसने प्रसिद्ध केले. त्यातून कडेला उभी असलेली युगांडाची व्हनेसा नकाते कापली गेली. पाच जणींपैकी ती एकटीच कृष्णवर्णीय होती. मागची इमारत चौकटीत खटकत होती म्हणून क्रॉप केले, असे संस्थेने सांगितले. पण टीका झाली आणि माफी मागावी लागली. हेतू केवळ सजावटीचा असला तरी एका व्यक्तीची उपस्थितीच पुसली गेली होती.

मग करायचे काय?

शटर दाबण्याआधी चारही कडांवर नजर फिरवा आणि शक्य असेल तर दोन पावले पुढे जा. कापायचेच असेल, तर मूळ फोटो जपून ठेवा. कडेचा विजेचा खांब गेला तर कोणाचे बिघडत नाही. मोर्चातला, सभेतला किंवा समूहातला माणूस गेला तर फोटोचा अर्थच बदलतो. क्रॉप चूक की बरोबर, हे कापलेल्या तुकड्यात काय होते यावर ठरते.