मेण कुणाचं, मोल कुणाला

जावा बेटावर योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेला इमोगिरीची टेकडी आहे. मातारामचा सुलतान आगुंग यानं सतराव्या शतकात तिथं राजघराण्याची दफनभूमी उभारली. कबरींची राखण करणारी कुटुंबं टेकडीच्या पायथ्याशी वसली. या वस्त्यांपैकी एक गिरिलोयो. इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कापडावर मेणानं नक्षी काढत आल्या आहेत. पण कापड त्यांचं नसायचं. शहरातला व्यापारी पांढरं कापड धाडायचा, बायका त्यावर मेण चढवून ते परत करायच्या. रंगकाम शहरात, विक्री शहरात. बिनरंगाचं, नुसतं मेण चढलेलं कापड हा अर्धा माल, आणि अर्ध्या मालाचा भाव करणारा कधीच तो करणाऱ्याच्या बाजूला बसलेला नसतो.

मेणाच्या या कलेविषयी, म्हणजे बाटिकविषयी लिहिणारे बहुतेक जण नक्षीच्या प्रेमात पडतात आणि तिथंच थांबतात. नक्षी आहेच तशी. पण एक बाटिक म्हणजे कापड तयार करणारा, मेण चढवणारी, रंगारी, मेण काढणारा आणि विकणारा अशी हातांची लांबलचक साखळी असते. पैसा यातल्या कुठल्या हाताशी थांबतो, यावरच ही कला कुठं टिकली आणि कुठं संपली हे ठरत आलं आहे.

आधी काम पाहू. कोरं सुती कापड अंगच्या खळीसकट चालत नाही. ते धुवायचं, जुन्या पद्धतीत शेंगदाण्याच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात पुन्हापुन्हा मुरवायचं, वाळवायचं, हलकी खळ द्यायची आणि लाकडी मोगरीनं ठोकून सपाट करायचं. हे सगळं मेणाचा पहिला थेंब पडण्याआधी. मग ते बांबूच्या चौकटीवर टाकतात. बाई समोर बुटक्या पाटावर बसते. हाताशी शेगडी, शेगडीवर छोटी कढई आणि कढईत पातळ झालेलं मेण. हातातल्या अवजाराला चांतिंग म्हणतात. तांब्याची बोटाच्या पेराएवढी वाटी, तिला पुढे बारीक वाकडी तोटी आणि मागे बांबूची मूठ. बाह्यरेषेची चांतिंग वेगळी, ठिपक्यांची वेगळी, मोठी जागा भरायची वेगळी. काहींना दोन-तीन तोट्याही असतात.

मेण म्हणजे नुसतं मधमाश्यांचं मेण नसतं. त्यात राळ असते, चीडाच्या चिकापासून काढलेला राजन असतो, पॅराफिन असतं, कधी गुरांची चरबीही असते. प्रमाण ज्याचं त्याचं, आणि ते सहसा बाहेर सांगितलं जात नाही. राजन वाढला की मेण कापडाला घट्ट धरतं, पण कडक होतं. मधमाश्यांचं मेण लवचीक राहतं. पॅराफिन स्वस्त, आणि लगेच तडकतं. मेण जास्त तापलं तर रेष पसरते. निवलं तर ते वरवर बसतं, धाग्यात मुरत नाही, आणि पुढे टाकीत रंग नेमका तिथूनच आत शिरतो.

चांतिंग कढईत बुडवून उचलली की बाई ती तोंडाशी नेते आणि तोटीवर हलकी फुंकर मारते. अडलेलं मेण मोकळं होतं आणि टोकाशी लोंबणारा थेंब उडतो. मग डावा हात कापडाखाली धरून ती रेष ओढते. रेष संपेपर्यंत हात थांबवायचा नाही, कारण थांबला की तिथं मेणाची गाठ पडते. वाटीतलं मेण थोडंसंच, म्हणून काही क्षणांत पुन्हा कढई, पुन्हा फुंकर. नको तिथं पडलेला थेंब तापवलेल्या लोखंडी पट्टीनं उचलता येतो, पण अगदी स्वच्छ असा तो निघत नाही. अंगाला गुंडाळायचं अडीच मीटरचं कापड या चालीनं भरायचं. आणि एका बाजूचं काम झालं की कापड उलटं करून उलट्या अंगानं तीच नक्षी पुन्हा गिरवायची. चांगलं हाताचं बाटिक दोन्हीकडून सारखं दिसतं ते यामुळे. साध्या नक्षीला काही आठवडे लागतात, बारीक कामाला कित्येक महिने.

रंगाची बाजू रसायनाची आहे, आणि तिचा सगळा नियम एकाच गोष्टीतून येतो. गरम पाण्यात मेण वितळेल, म्हणून रंग थंडच हवा. मध्य जावाचा निळा-तपकिरी रंगमेळ याच अडचणीतून जन्माला आला. निळीची टाकी थंड चालते. टाकीतून कापड हिरवट निघतं, वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं, आणि गडद रंग हवा तर हे पुन्हापुन्हा करावं लागतं. मग जिथं तपकिरी हवा तिथलं मेण खरवडायचं, जिथं निळा राखायचा तिथं नव्यानं मेण घालायचं आणि कापड दुसऱ्या टाकीत टाकायचं. या तपकिरी रंगाला ते सोगा म्हणतात. तो तीन झाडांपासून होतो: खारफुटीतल्या एका झाडाची साल, तेगेरान नावाच्या झाडाचं लाकूड आणि आपल्या चांगल्या ओळखीच्या सोनमोहराची साल. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात पिवळा सडा घालणारं हेच ते झाड. शेवटी कापड उकळत्या पाण्यात टाकलं की सगळं मेण सुटून वर तरंगतं. ते काढून पुढच्या कापडाला वापरतात.

इथं आपल्याकडच्या वाचकाचा एक समज दूर केला पाहिजे. बाटिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कापडभर पसरलेले तडे येतात. मेण मुद्दाम चुरगाळून त्यात रंग मुरू देणं ही भारतात बाटिकची ओळखच झाली. मध्य जावाच्या जुन्या कारागिराच्या लेखी असा तडा हा दोष आहे. मेणाचं मिश्रण बिघडलं किंवा टाकीत कापड नीट हाताळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मला दोन्ही आवडतात. पण तडे नाहीत म्हणून एखादं कापड खोटं ठरवणं हा त्या बाईच्या हातावर अन्याय आहे.

राजवाड्यांनी या कलेला आश्रय दिला आणि तिला पायऱ्याही आखून दिल्या. 1755 मध्ये मातारामचे तुकडे होऊन योग्याकार्ता आणि सुराकार्ता हे दोन दरबार झाले. दोन्हीकडे काही नक्ष्या राजघराण्यासाठी राखीव होत्या. तिरप्या पट्ट्यांची पारांग ही त्यातली सगळ्यात नावाजलेली. जिनं पारांगची रेष ओढली, तिला ती नक्षी नेसायची मुभा नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तांब्याचा ठसा आला. जावात त्याला चाप म्हणतात. तांब्याच्या पट्ट्या वळवून, जोडून केलेला हा ठसा गरम मेणात बुडवून कापडावर दाबायचा. ठसा जड, काम उभ्यानं, आणि ते पुरुषांकडे गेलं. एका हाताला महिनाभर लागणारं काम आता एका दिवसात कित्येक कापडांवर होऊ लागलं. चापला कमअस्सल म्हणायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. ठशांचे सांधे जुळवत पूर्ण कापड भरायला कसब लागतं, आणि सामान्य माणसाच्या अंगावर बाटिक आलं ते या ठशामुळेच.

ठशानं उत्पादन वाढलं तसा मोठा व्यापार उभा राहिला. सुराकार्ता म्हणजे सोलो. तिथलं लावेयान हे बाटिक व्यापाऱ्यांचं उपनगर. त्या घरांचा कारभार बहुतेक बायकाच पाहायच्या. त्यांना म्बोक मासे म्हणत, आणि पेढीच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला असत. पण कोरं कापड आणि रासायनिक रंग बाहेरून यायचे आणि तो व्यापार युरोपीय आयातदारांच्या आणि चिनी मध्यस्थांच्या हातात होता. लावेयानचे बाटिक व्यापारी हाजी सामानहुदी यांनी जावाच्या मुसलमान व्यापाऱ्यांची संघटना बांधली. 1912 मध्ये तिची सारेकात इस्लाम झाली. वसाहतीच्या काळातली इंडोनेशियातली ही पहिली खरी जनसंघटना. तिचं मूळ कापडाच्या आणि रंगाच्या भावात होतं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

मात्र त्या पेढ्यांच्या मागच्या अंगणात काय चाललं होतं, तेही नोंदलेलं आहे. 1930 च्या सुमारास डच सरकारच्या कामगार खात्यासाठी दे कात अँजेलिनो यांनी जावाभरच्या बाटिक कारखान्यांची पाहणी करून मोठा अहवाल लिहिला. लांबलचक तास, तुटपुंजी मजुरी, आणि उचल. उचल घेतलेली बाई ती फिटेपर्यंत मालकाला बांधलेली. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या फडावर किंवा वीटभट्टीवर जे पाहतो, त्याचंच हे दुसरं रूप. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये बाटिक सहकारी संस्थांचा संघ स्थापन झाला. त्यानं कोऱ्या कापडाचा पुरवठा हाती घेतला आणि पुढे स्वतःची गिरणीही काढली. छोट्या कारखानदाराला त्यानं आधार मिळाला. पाटावर बसलेल्या बाईपर्यंत त्यातलं फार थोडं पोचलं.

गिरिलोयोत बदल झाला तो एका आपत्तीनंतर. 27 मे 2006 च्या पहाटे योग्याकार्ता परिसरात भूकंप झाला. साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली, आणि सगळ्यात मोठा फटका याच बांतुल जिल्ह्याला बसला. घरं पडली, शेगड्या-कढया ढिगाऱ्याखाली गेल्या, व्यापाऱ्यांकडून येणारं काम थांबलं. मदतीला आलेल्या संस्थांनी अवजारं दिली, पण त्याहून मोलाची गोष्ट केली: बायकांना रंगकाम शिकवलं. नैसर्गिक रंग, टाक्या, मेण काढणं, हिशेब आणि विक्री. बायकांनी गट बांधले आणि पुरं झालेलं कापड स्वतःच विकायला काढलं. आज गिरिलोयोत गिऱ्हाईक गावात येतं, कुणी काम केलं ते पाहतं आणि तिथंच पैसे मोजतं. ही वस्ती ज्या वुकिरसारी गावात मोडते, त्याला 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनं जगातल्या उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. रंगाची टाकी गावात आली आणि सौद्याची जागा बदलली, एवढंच यात घडलं. पण तेवढंच घडायला कितीतरी पिढ्या गेल्या.

बाहेरचं जग मात्र उलट्या दिशेनं चाललं आहे. 2 ऑक्टोबर 2009 रोजी युनेस्कोनं इंडोनेशियाच्या बाटिकला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. तो दिवस तिथं राष्ट्रीय बाटिक दिन म्हणून पाळतात. शुक्रवारी कचेऱ्यांतून बाटिकचे शर्ट दिसतात, शाळांचे गणवेश बाटिकचे असतात. पण त्यातलं बहुतेक कापड गिरणीत छापलेलं असतं. मेणाचा त्याला स्पर्शही झालेला नसतो. देशाच्या 2014 च्या मानकानुसार गरम मेण रोधक म्हणून वापरलं नसेल, तर ते बाटिक नव्हे. बाटिक नक्षीच्या परदेशी छापील कापडावर 2015 मध्ये आयातीचे निर्बंधही आले. पण देशातल्या देशात छापलेल्या कापडाला कोण अडवणार? मानानं पोट भरत नाही. महिनाभर पाठ वाकवून केलेलं कापड आणि तासाभरात शेकड्यांनी निघालेलं छापील कापड दुकानात शेजारी-शेजारी टांगलं, की तरुण मुलगी चांतिंग खाली ठेवून कारखान्यात नोकरी धरते. तिला दोष देता येत नाही.

या धंद्याच्या पाण्याबद्दलही लिहिलंच पाहिजे. उत्तर किनाऱ्यावरचं पेकालोंगान हे बाटिकचं मोठं शहर, झगझगीत रंगांसाठी प्रसिद्ध. गुजरातच्या पाटोळ्यावरून तिथं घडवलेली ज्लाम्प्रांग नक्षी आजही निघते. रासायनिक रंगांनी हे झगझगीतपण स्वस्त केलं. नॅप्थॉलच्या रंगाला कापड दोन टाक्यांतून काढावं लागतं, दुसऱ्या टाकीत क्षार लागला की रंग एकदम उमटतो, आणि दोन्ही टाक्यांचं सांडपाणी गटारात जातं. फेब्रुवारी 2021 मध्ये पेकालोंगानजवळच्या जेंगोत गावात पुराचं पाणी रक्तासारखं लाल झालं होतं. त्याची छायाचित्रं जगभर गेली. कारण होतं बाटिकचा रंग. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च घरगुती कारखानदाराच्या आवाक्यातला नाही, आणि कापडाच्या किमतीत तो कुणी धरत नाही. या कलेचं कौतुक करताना तिच्या नद्यांकडे पाठ फिरवणं मला मान्य नाही.

जावाची बाटिक कला भारतात रुजली त्याला रवींद्रनाथांचा 1927 चा जावा प्रवास मोठं निमित्त झाला. शांतिनिकेतनात ती शिकवली जाऊ लागली आणि तिथून देशभर पसरली. कच्छमध्ये मुंद्र्याचे खत्री मेणाचे ठसे मारतात. उज्जैनच्या भेरूगढातले छिपे मेणाचं काम करतात, आणि उज्जैनच्या बाटिकला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तुम्ही बाटिक घ्यायला जाल तेव्हा कापड उलटून पाहा. मागची बाजू फिकी आणि पांढुरकी असेल तर ते छापील आहे. ठशाचं असेल तर नक्षी मोजून सारखी येईल, हाताचं असेल तर दोन फुलं तंतोतंत सारखी नसतील. मेण कुणी घातलं आणि रंग कुठं दिला, हे दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर कापड खाली ठेवा. महाकालाला जाणारे आपले बहुतेक लोक काळभैरवाचंही दर्शन घेतात. ते देऊळ भेरूगढातच आहे. पुढच्या वेळी दर्शनानंतर तासभर काढा, छिप्यांच्या टाक्या बघा, आणि घ्यायचं ते त्यांच्या हातून घ्या.