मळलेली वाट आणि कारवीचा उतार

मीरा-भाईंदर शहराच्या पूर्वेस, काशीमीरा, चेणे आणि घोडबंदर यांच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला शहरे जवळजवळ चहूबाजूंनी भिडली असून, पावसाळा लागताच येथील तरुण सुटीच्या दिवशी एक तर याच डोंगरांकडे वळतात किंवा लोकल पकडून कर्जत-कसाऱ्याच्या बाजूचे गड गाठतात. निसर्गाची हानी न करता भटकंती कशी करावी, यासाठी १९९० च्या दशकात अमेरिकेत ‘लीव्ह नो ट्रेस’, म्हणजे मागे कोणताही माग न ठेवणे, या नावाने सात तत्त्वे मांडली गेली व ती जगभर पसरली. परंतु वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत झेलणाऱ्या सह्याद्रीत त्यांपैकी एकाला इतरांहून अधिक वजन दिले पाहिजे, आणि ते म्हणजे मळलेली वाट न सोडणे.

याचे कारण कारवीत सापडते. कारवी हे उतारांवर दाटीने वाढणारे झुडूप असून त्याच्या मुळ्या माती धरून ठेवतात आणि त्याच्या काठ्यांनी आदिवासी पाड्यांतील घरांच्या कुडाच्या भिंती बांधल्या जातात. सात-आठ वर्षांतून एकदाच ते फुलते, बी धरते आणि वाळून जाते; पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला वाळलेली बोंडे ओलावा शोषून तडकतात, बी उडते आणि त्याच उतारावर कोवळी रोपे उगवतात. राष्ट्रीय उद्यानात २०१६ नंतर २०२४ मध्ये कारवी मोठ्या प्रमाणावर फुलली, म्हणजे त्या बहराची रोपे आज वाटांच्या कडेला वाढत आहेत. वळणाची वाट टाळून सरळ खाली उतरणारा, किंवा बूट चिखलात भरू नयेत म्हणून कडेच्या गवतावरून चालणारा माणूस नेमकी हीच रोपे तुडवतो. उघडी पडलेली ती पट्टी पुढच्या जोरदार सरीत पन्हाळीसारखी वाहू लागते, माती निघून जाते, खाली घसारा, म्हणजे सुट्या दगडगोट्यांचा घसरडा उतार, उरतो, आणि मग मागून येणारे त्याच्याही बाजूने तिसरी वाट पाडतात. तुडवलेल्या रोपांची जागा भरून निघण्यासाठी पुढच्या बहरापर्यंत, साधारणतः २०३२ पर्यंत, थांबावे लागते.

बाकीच्या तत्त्वांपैकी कचऱ्याचा प्रश्न केवळ स्वच्छतेचा समजला जातो, तो तेवढाच नाही. उद्यानातील बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, आणि कुत्री तेथेच वाढतात जेथे उष्टे अन्न पडते. त्यामुळे जंगलाच्या कडेला टाकलेले उरलेसुरले जेवण बिबट्याला वस्तीजवळ आणण्यास हातभार लावते. वेफर्सची किंवा नूडल्सची पाकिटे निरनिराळ्या थरांची असल्याने त्यांचा पुनर्वापर जवळजवळ होत नाही, आणि जाळल्यास विषारी धूर होतो. फळांच्या साली कुजतात हे खरे, पण तोवर त्या माकडांना माणसांच्या मागे लावतात.

गडांवरील पाण्याची टाकी, म्हणजे कातळात खोदलेले हौद, पावसाच्या पाण्याने भरतात आणि ते पाणी वाहते नसते, म्हणून त्यांत साबण लावणे किंवा भांडी बुडवणे हा मागून येणाऱ्या प्रत्येकाशी केलेला अन्याय आहे. शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा खणून तो बुजवावा असा संकेत आहे. मात्र माथ्यावर माती नसून निव्वळ कातळ असेल, तर पायथ्याच्या गावातच सोय पाहून चढणे उत्तम. हिवाळा सरता सरता गवत वाळते, तेव्हापासून पहिल्या पावसापर्यंत उघड्यावर चूल पेटवूच नये, कारण एका ठिणगीने लागलेला वणवा डोंगराची अख्खी सोंड जाळून टाकतो.

राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून शिरण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे. त्यामुळे येत्या पावसाळ्यात निघणाऱ्यांनी आधी वनविभागाची परवानगी घ्यावी, गर्दीचा रविवार शक्यतो टाळावा, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी पाठीवर ठेवावी आणि चिखल आला तरी वाटेच्या मधूनच चालावे.