आलेल्याचीच वाट

ख्रिस्ती मंडळीचे उपासनावर्ष जानेवारीत सुरू होत नाही. पाश्चात्त्य परंपरेत ते नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान सुरू होते, आणि तेथून २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंतच्या दिवसांना ‘आगमनकाळ’ असे म्हणतात. बाळाच्या जन्माची तयारी म्हणून हा काळ ओळखला जात असल्यामुळे पहिल्या रविवारी बेथलेहेम, मेंढपाळ किंवा गव्हाण यांच्याविषयी काही वाचले जाईल, अशी नवख्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या दिवशी कॅथलिक मिस्सेत मत्तय, मार्क किंवा लूक यांच्यापैकी एकाच्या शुभवर्तमानातील, येशू जगाच्या अंताविषयी बोलतो आणि ती घटका कोणालाच ठाऊक नसल्यामुळे जागे राहा असे बजावतो, तो उतारा वाचला जातो. जन्मोत्सवाचे दार अंताच्या वाचनाने उघडावे, ही रचना विचित्र वाटली तरी अनवधानाने झालेली नाही.

तिचे मूळ शब्दांतच सापडते. ‘आगमन’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘आद्वेन्तुस’ रोमन जगात सम्राटाच्या नगरप्रवेशासाठी वापरला जाई, आणि त्याच्या तोडीचा ग्रीक शब्द ‘पारुसिया’ नव्या करारात येशूच्या पुनरागमनासाठी, म्हणजे काळाच्या शेवटी त्याच्या पुन्हा येण्यासाठी, योजलेला आहे. त्याहून बोलका शब्द अरामी भाषेतला, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी आलेला ‘मारानाथा’ हा आहे. शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिण्याच्या त्या काळात तो दोन तऱ्हांनी फोडता येत असे: ‘मारान अथा’ असा तोडला तर ‘आमचा प्रभू आला आहे’, आणि ‘माराना था’ असा तोडला तर ‘आमच्या प्रभो, ये’. अभ्यासकांचा कल बहुधा दुसऱ्या अर्थाकडे असला, तरी एकाच अक्षरसमूहात कबुली आणि विनवणी दोन्ही मावावीत, हा योगायोग या काळाच्या स्वभावाला नेमका जुळतो. जो येऊन गेला त्याचीच वाट पाहायची, असा हा प्रकार आहे. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डने या दोन आगमनांमध्ये तिसरे, म्हणजे दररोज माणसाच्या अंतःकरणात गुपचूप होणारे आगमन घातले.

इतिहास मात्र एकसंध नाही. स्पेनमधील सारागोसा येथे ३८० साली भरलेल्या धर्मसभेने १७ डिसेंबरपासून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, चर्चला गैरहजर न राहण्याचा नियम केला. पाचव्या शतकात फ्रान्समधील तूर येथील बिशप पर्पेतुस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला. रोममध्ये या काळाचे आठवडे पुढे चारवर स्थिरावले, तर मिलानच्या अँब्रोझियन परंपरेत ते आजही सहा आहेत. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये जन्मोत्सवापूर्वी चाळीस दिवसांचा उपवास असतो, आणि केरळातील सिरो-मलबार मंडळीत या दिवसांना ‘मंगलवार्ता’ काळ असे नाव असून नाताळापूर्वी पंचवीस दिवस मांस-मासळी वर्ज्य करण्याची रीत आहे. रोमन पद्धतीत धर्मगुरूची वस्त्रे जांभळी असतात आणि रविवारी गायले जाणारे ‘ग्लोरिया’ हे स्तवन वगळले जाते. ‘आलेलुया’ मात्र कायम राहते. ईस्टरपूर्व प्रायश्चित्तकाळात तेही थांबते, आणि या एवढ्याशा फरकावरून दोन्ही काळांचा सूर निराळा असल्याचे कळते: एक शोकाकडे झुकलेला, दुसरा आवरून धरलेल्या आनंदाचा.

आशा आणि वाट यांचे नाते भाषांनीही टिपले आहे. पोर्तुगीजमध्ये ‘इश्पेरार’ या एकाच क्रियापदाचा अर्थ आशा धरणे असाही होतो आणि वाट पाहणे असाही. हिब्रूत ‘तिक्वा’ म्हणजे आशा, पण यहोशवाच्या पुस्तकात राहाब आपल्या खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते तिच्यासाठीही हाच शब्द आहे, म्हणजे आशा ही ताणून धरलेली, हाताला जाणवणारी वस्तू ठरते. मराठीत माणसाची वाट ‘पाहतात’. येणारा अद्याप दिसत नसतो, रस्ता तेवढा दिसत असतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायातला युक्तिवाद याच्या जवळचा आहे: डोळ्यांना दिसते त्याची आशा कोणी धरत नाही, आणि न दिसणाऱ्याची आशा धरायची तर धीराने थांबावे लागते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आशेच्या विषयाची चार लक्षणे सांगितली: तो हितकर असावा, भविष्यातला असावा, मिळण्यास कठीण असावा आणि तरीही मिळण्याजोगा असावा. कठीण हे लक्षण महत्त्वाचे, कारण सगळे आपोआप ठीक होईल असे मानणारा आशावाद त्याच ठिकाणी गळून पडतो. आणि आशेविरुद्धची पापे दोन मानली जातात ती यामुळेच, एक हताशा आणि दुसरे, फारसे न बोलले जाणारे, फळ गृहीत धरून बसणे.

विसाव्या शतकात या विचाराची कसोटी बर्लिनच्या टेगेल तुरुंगात लागली. लुथरन धर्मचिंतक डिट्रिख बोनहोफर एप्रिल १९४३ मध्ये अटक होऊन तेथे आले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लिहिलेल्या पत्रात त्यांनी कोठडीतल्या जगण्याची तुलना आगमनकाळाशी केली: माणूस थांबतो, आशा धरतो, बारीकसारीक कामे करत राहतो, पण दाराला कुलूप असते आणि ते फक्त बाहेरूनच उघडता येते. पुढच्या वर्षीच्या आगमनकाळात त्याच तुरुंगात जेझुइट धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प होते. हिटलरविरोधी क्रायझाऊ गटाशी संबंध असलेल्या डेल्प यांनी बेड्या घातलेल्या हातांनी आगमनकाळावरील चिंतने लिहिली, ती धुण्याच्या कपड्यांतून बाहेर पोचली, आणि ८ डिसेंबर १९४४ रोजी त्यांनी आपल्या संघाची अंतिम व्रते तुरुंगातच घेतली. माणसाला मुळापासून हादरवणारा काळ म्हणून त्यांनी आगमनकाळाकडे पाहिले. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी झाली आणि ९ एप्रिलला फ्लॉसेनबुर्ग छळछावणीत बोनहोफर यांनाही. म्हणजे कुलूप उघडले, पण सुटकेसाठी नाही. या दोघांच्या लेखनाला नाताळच्या शुभेच्छापत्रांवरील गोड ओळींच्या रांगेत बसवण्याची अलीकडची सवय म्हणूनच खटकते. युद्धात सैनिक आणि नंतर ब्रिटिशांचा युद्धकैदी राहिलेल्या युर्गन मोल्टमान यांनी १९६४ मध्ये ‘आशेचे ईश्वरविज्ञान’ हा ग्रंथ लिहून ख्रिस्ती विचाराची सुरुवातच भविष्यापासून व्हावी असे मांडले, त्यामागेही तारांच्या कुंपणाआडची वर्षे होती.

त्या मानाने आगमनकाळात चर्चमध्ये दिसणाऱ्या चार मेणबत्त्यांच्या चक्राची हकिकत सौम्य आहे. १८३९ साली हॅम्बुर्गजवळ गरीब मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ हे आश्रयगृह चालवणाऱ्या योहान हिन्रिख विखर्न यांनी, मुले नाताळ कधी येणार असे सारखे विचारत म्हणून, गाडीच्या एका चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी वीस छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या. म्हणजे आजच्या चर्चमधले हे गंभीर चक्र मुळात मुलांच्या अधीरपणावरचा उपाय होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत छापील दिनदर्शिका आल्या, त्यांना उघडायची छोटी दारे आली, दारांमागे चॉकलेट आले, आणि वाट पाहण्याचा मोबदला रोजच्या रोज मिळू लागला. थांबण्याच्या शिकवणीची इतकी सफाईदार उलटापालट क्वचितच झाली असेल.

मराठीत या वाटेचा पहिला विस्तृत ग्रंथ गोव्यात झाला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे प्रवचन’ असा होतो, म्हणजे ‘आगमन’ हाच त्याचा घोषित विषय आहे. एकूण ९५ अवस्वरूंपैकी, म्हणजे सर्गांपैकी, ३६ पहिल्या पुराणात खर्च होतात आणि त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची जुन्या कराराची कथा आहे. गोव्याच्या साष्टी भागातल्या नवख्रिस्ती श्रोत्याला ज्याचे चरित्र ऐकायचे होते, तो तारणारा एक तृतीयांशाहून अधिक ग्रंथ ओलांडला तरी जन्मलेला नसतो. युरोपातील मंडळी चार आठवड्यांत उरकते ती प्रतीक्षा स्टीफन्स हजारो ओव्यांतून करवून घेतात, आणि पुराण सावकाश, अनेक बैठकींत ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते.