उचल फिटेपर्यंत…

संक्रांत जवळ आली, की वरकुट्यातल्या आमच्या बचत गटाच्या खोलीत कुणालाच उसंत नसते. शेंगदाणे भाजायचे, गुळाचा पाक करायचा, चिक्की लाटायची, पाकिटं भरायची… अकरा जणींचे बावीस हात पुरत नाहीत. गेल्या वर्षी पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं मोठी मागणी दिली. माल परदेशी जाणार होता. आम्ही हरखूनच गेलो! पण मागणीबरोबर एक इंग्रजी फॉर्मही आला. गटात पदवीपर्यंत शिकलेली मी एकटीच, म्हणून तो भरायचं काम माझ्याकडे आलं.

स्वच्छता, परवाना, पॅकिंग हे प्रश्न सरळ होते. शेवटचा मात्र वेगळाच. 'तुमच्याकडे किंवा तुम्हाला माल पुरवणाऱ्यांकडे कुणाला गुलामीत राबवलं जातं का?' मी वाचून दाखवल्यावर सगळ्या हसल्या. अक्का म्हणाल्या, ''गुलाम मला पत्त्यातला तेवढा ठाऊक! 'नाही' लिही आणि टाक पाठवून.''

हा प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचला कसा? ब्रिटनमध्ये 2015 साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला. ज्या कंपन्यांची वर्षाची उलाढाल 3 कोटी 60 लाख पौंडांच्या वर आहे, त्यांना आपल्या मालामागे कुणी बळजबरीनं राबत नाही ना, यासाठी काय केलं हे दरवर्षी जाहीर करावं लागतं. मग त्या आपल्या पुरवठादाराला विचारतात, तो त्याच्या पुरवठादाराला. असं करत करत प्रश्न आमच्या पाकाच्या कढईपाशी येऊन ठेपला. 2021 मध्ये जगभरात सुमारे 2 कोटी 76 लाख माणसं सक्तीच्या मजुरीत अडकली होती, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्याबरोबरच्या संस्थांचा अंदाज आहे. पण त्यात आपल्या ओळखीचं कुणी असेल, असं कुठं वाटतं आपल्याला?

दोन दिवसांनी गूळ आणायला मी गुऱ्हाळावर गेले. गुऱ्हाळ आमच्या भावकीतलंच. एक बाई चिपाडं वाळत घालत होती. डोळे रडून लाल झालेले. जवळच तिची नऊ वर्षांची पोर मोळ्या ओढत होती. विचारलं तेव्हा म्हणाली, ''ताई, आई लई आजारी हाय गावाकडं. मालक म्हणत्यात, उचल फिटल्याबिगर जायाचं न्हाई. जायाचंच असंल तर पोरीला हितं ठिवून जा.''

''किती राहिलीय उचल?''

''ते मालकाच्या वहीत हाय.''

बीडकडचं ते जोडपं अक्षय्य तृतीयेनंतर 60 हजारांची उचल घेऊन आलं होतं. नवरा चुलवाणावर, बायको पडेल त्या कामाला. मी गूळ घेऊन घरी आले खरी, पण 'नाही' लिहायला हात उचलेना.

मैत्रिणींनो, पायात साखळदंड असला म्हणजेच गुलामी, असं आपण समजतो. आपल्या कायद्याला ते मान्य नाही. राज्यघटनेच्या 23 व्या कलमानं वेठबिगारीला बंदी आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार, घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी माणसाला दुसरीकडे काम करायची, हवं तिथं जायची मोकळीक उरली नाही, किंवा किमान वेतनाहून कमी पैशात राबावं लागलं, तर ती वेठबिगारीच. असं कर्ज कायद्यानं रद्द ठरतं आणि राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याच पुण्यात महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिलं, आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. आम्ही मात्र 'ते पत्त्यातलं' म्हणून हसत होतो!

उचल हा शब्द आमच्या इंदापूर-बारामतीच्या ऊस पट्ट्यात कुणाला नवा आहे? कारखान्यांची धुराडी पेटली, की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब मुकादमाच्या वहीत. दिवस बुडाला, की खाड्याचा दंड. 2019 मध्ये सरकारी समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीच्या त्रासानं खाडा पडू नये, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. आमच्याही शेतातला ऊस अशाच टोळ्या तोडतात. त्यांना मी चहा दिला, जुनी लुगडी दिली. हिशेबाचं कधी विचारलं नाही.

गटाच्या बैठकीत अक्का म्हणाल्या, ''गूळ दुसरीकडून घेऊ. मिटलं.'' पण त्यानं आमचा फॉर्म तेवढा स्वच्छ झाला असता. ती बाई तिथंच राहिली असती. शेवटी आम्ही चौघी गुऱ्हाळावर गेलो.

भाऊजी चिडलेच. ''वहिनी, मी काय बांधून ठेवलंय का कुणाला? मागं एक जोडी उचल घेऊन पळाली, ते बुडालेले पैसे कुणी दिले? आणि तुमचा गटच गुळाचे पैसे दोन-दोन महिने थकवतो. मी मजुरांना कुठून देऊ?''

त्यांचं हे शेवटचं बोलणं मनाला लागलं. खरंच होतं ते.

मी त्यांना कायदा सांगितला. पोरीला अडकवून ठेवणं किती महागात पडेल तेही सांगितलं. मग वही उघडली. दोघांचे मिळून रोज 500 रुपये ठरलेले. भरलेले दिवस 200, म्हणजे एक लाख रुपये. आठवड्याला 800 प्रमाणे 30 आठवड्यांची खर्ची 24 हजार. उरले 76 हजार. 60 हजारांची उचल कधीच फिटली होती, वर 16 हजार त्यांचेच येणं होतं. वहीत मात्र खाडे, औषधपाणी आणि व्याज धरून उलट 21 हजार बाकी! बरं, 500 हा आकडाही दोघांच्या कष्टाला कमीच होता.

भाऊजी बराच वेळ गप्प बसले. संध्याकाळच्या एसटीनं ती बाई पोरीला घेऊन गावी गेली. 16 हजार दोन हप्त्यांत मिळाले. आता गुळाचे निम्मे पैसे आम्ही मागणी देतानाच देतो, उरलेले आठ दिवसांत. गूळ किलोमागे दोन रुपयांनी महाग घेतो. गुऱ्हाळावर प्रत्येक मजुराकडे त्याची स्वतःची वही असते, बाईची वेगळी.

फॉर्मवर मी लिहिलं, 'आढळलं होतं, सुधारणा चालू आहे.' ''असं कुणी लिहितं का?'' म्हणून व्यापारी रागावला. मागणी आली, पण थोडी कमी.

आम्ही तहसीलदारांकडे गेलो नाही, भावकी आड आली. ती टोचणी अजून आहे. सुटका दाखला मिळाला असता, तर त्या कुटुंबाला सरकारी पुनर्वसनाची मदतही मिळाली असती. तुम्ही ही चूक करू नका. तुमचा पापडाचा उद्योग असो, शिवणकामाचा असो, की घर बांधायला भट्टीवरून विटा आणायच्या असोत, एवढं विचारा : हिशेबाची वही कुणाकडे आहे? बाईची मजुरी कुणाच्या हातात पडते? तिची मुलं शाळेत जातात का? ती उद्या 'जाते' म्हणाली, तर जाऊ शकेल का? उत्तर 'नाही' आलं, तर तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. मूल राबत असेल, तर 1098 वर फोन करा.

ती बाई पंधरा दिवसांनी परत आली, आपणहून. पोरीला मावशीकडे शाळेत घालून आली होती. पाटी-बोचकं खाली ठेवायच्या आधी तिनं भाऊजींना विचारलं, ''माझी वही कुठंय?''